सहा वर्षं फ्रीलान्स, आता वेर्ण्यातली कायम नोकरी चालून आली आहे. काय करू?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळच्या गावात राहते, वय ३१. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून उपयोजित कला केली, दोन वर्षं पणजीत एका जाहिरात संस्थेत काढली आणि गेली सहा वर्षं घरूनच काम करते. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांतली चित्रं, कॅफे आणि शॅकची मेन्यूकार्डं, फेणीच्या बाटल्यांची लेबलं, जत्रेच्या नाटकांची पोस्टरं, जे येईल ते.

गेल्या वर्षीचा हिशेब मांडते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. एकूण जमा ५ लाख ६२ हजार. त्यातले ३ लाख ४० हजार ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत आले. जून ते ऑगस्ट मिळून ४१ हजार. सॉफ्टवेअर, कागद, रंग, प्रिंट, पेट्रोल यांवर ७० हजार गेले. येणं बाकी ८७ हजार, त्यातलं एक बिल चौदा महिन्यांचं झालंय.

आता वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीने पॅकेजिंग डिझायनरची जागा देऊ केली आहे. वर्षाला ६ लाख. सव्वानऊ ते सहा, एक आड एक शनिवार सुट्टी. आई एकच म्हणते, "गाडी दारांत येता, आनी कितें जाय तुका?" म्हणजे आणखी काय हवं तुला?

आणखी एक आहे. तीन वर्षं मी माटोळीच्या, म्हणजे चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीच्या वर टांगतात त्या फळांची चित्रं काढतेय. चाळीसवर झालीत, त्यांचं मुलांसाठी पुस्तक करायचंय. हे काम फक्त चवथीआधीच्या आठ-दहा दिवसांत होतं. कांगलां ही रानफळं फुटली की आतला केशरी दोन दिवसांत विटतो, म्हणून बाजारातून आणली त्याच रात्री रंगवावी लागतात. नोकरीत हे जमेल का, या एका प्रश्नाने झोप उडालीय.

उत्तर द्यायला दहा दिवस आहेत.

डिचोलीकर

घाई करू नका. आमच्या घरात दोन ट्रक होते, दोन्ही खाणीवर. एकच गिऱ्हाईक, एकच रस्ता, महिन्याला ठरलेला पैसा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा हप्ते चालू होते. पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद. बाबांनी दुसरा ट्रक विकला तो दिवस मला लख्ख आठवतो. पावसात उभे राहून ते टायर मोजत होते.

तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगतो, पगार एका दारातून येत असेल तर ते दार बंद झाल्यावर काय, हे आधी ठरवा. मी स्टेज आणि लाइटची कामं करतो, माझी वीसेक गिऱ्हाइकं आहेत. एक गेलं तरी चूल पेटते. तुमचीही असतील. ती तोडू नका.

सावळी

डिचोलीकरदादा, तुमचं दुःख पोचलं. पण मी नोकरीच घे म्हणेन.

मी भाषांतरं आणि कॉपीरायटिंग करते, म्हणजे रंगपेटीच्याच जातकुळीतली. मुलगी झाली तेव्हा नवव्या महिन्यापर्यंत काम केलं आणि बाळंतपणानंतर पाचव्या आठवड्यात लॅपटॉप उघडला, कारण गिऱ्हाईक थांबत नव्हतं. माझ्या बहिणीला नोकरीत २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. कायद्याने मिळते ती, आधीच्या वर्षात ८० दिवस काम भरलं असलं की पुरे. लग्न, मुलं हा तुझा खासगी विषय, त्यात पडत नाही. पण ३१ व्या वर्षी हा आकडा माहीत असायला हवा. मला कुणी सांगितलाच नव्हता.

नवखा_पेडणे

माझं यंदा शेवटचं वर्ष आहे कला महाविद्यालयात. वाचतोय. ताई, मेन्यूकार्डाची कामं अजून मिळतात का? इकडे मोरजी-हरमलच्या बाजूला बरेच जण एआयवर करून घेतात आणि आम्हाला फक्त स्पेलिंग तपासायला बोलावतात.

रंगपेटी

@नवखा, कमी झालीत. दोन वर्षांमागे सीझनला चौदा मेन्यू केले होते, गेल्या वर्षी पाच. मुखपृष्ठं आणि लेबलं टिकून आहेत. फेणीवाल्यांना आपल्याच भाटातलं काजूचं झाड हवं असतं, तिथे अजून माणूस लागतो.

मांडवीकाठ

मी हिशेबाच्या बाजूने येतो, माझा धंदाच तो.

६ लाख हा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च आहे, की हातात येणारा पगार? सीटीसी असेल तर महिन्याचे ५० हजार. बेसिक निम्मं धरू, २५ हजार. त्यावर १२ टक्के तुमचा पीएफ ३,०००, तेवढाच कंपनीचा, आणि तोही बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे साधारण १,२००. हातात ४२,८०० च्या आसपास.

आता फ्रीलान्स. ५,६२,००० मधून ७०,००० वजा, उरले ४,९२,०००. महिन्याला ४१,०००.

म्हणजे हातात येणाऱ्या पैशात फरक १,८०० रुपयांचा! खरा फरक पीएफचा, महिन्याला ६,००० तुमच्या नावावर साठत राहतात. ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण केल्यावरच मिळते, ती आज धरू नका. आयकर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत दोन्हीकडे शून्य. फ्रीलान्समध्ये मात्र प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के टीडीएस कापला जातो आणि परतावा येईपर्यंत तो पैसा अडकून पडतो. जीएसटीची काळजी नको, सेवांसाठी मर्यादा २० लाखांची आहे.

एक प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर मात्र प्रामाणिकपणे द्या. आठवड्याला किती तास काम करता?

रंगपेटी

सीटीसीच आहे. तास कधी मोजले नव्हते, काल बसून मोजले. सीझनला साठ-पासष्ट, पावसात वीस. पावसातले उरलेले तास कामाची वाट बघण्यात आणि बिलांसाठी फोन करण्यात जातात. आकडे असे शेजारी ठेवून पाहिल्यावर वाईट वाटलं. मी स्वतःला बरीच स्वतंत्र समजत होते.

शाईपेन

रंगपेटी, अठरा वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून हक्काने सांगतो.

आधी ते चौदा महिन्यांचं बिल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहेस का? नसेल तर आजच कर, ऑनलाइन आहे, पैसे पडत नाहीत. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. तक्रार ऑनलाइन करता येते. मात्र नोंदणी काम देण्याच्या आधीची हवी, जुन्या बिलाला तिचा आधार मिळणं कठीण. मी हे फार उशिरा शिकलो. तोवर एका प्रकाशकाने माझ्या अकरा मुखपृष्ठांचे पैसे बुडवले होते. त्यातली तीन पुस्तकं अजून दुकानात दिसतात आणि दर वेळी पोटात कालवतं.

हल्ली बिलाच्या खाली एक ओळ लिहितो: उद्यम क्रमांक, आणि पैसे ४५ दिवसांत. त्या एका ओळीने माझी निम्मी येणी वेळेवर येऊ लागली.

आता नोकरी. ऑफर लेटर पूर्ण वाचलंस का? पगाराचं पान सगळेच वाचतात. चित्रांचे हक्क कुणाचे, ते कुठे लिहिलंय बघ.

फॉइलवाली

मी हीच नोकरी करते, दुसऱ्या कंपनीत, नऊ वर्षं. काम कसं असतं ते सांगते, कारण इथे कुणी विचारलंच नाही.

'पॅकेजिंग डिझायनर' हे नाव ऐकून रंगीत खोकी डोळ्यांसमोर येतात. खरं काम आर्टवर्कचं. कार्टन, फॉइल आणि आतली घडी केलेली माहितीपत्रिका. डाव्या कोपऱ्यात आरएक्सची खूण, लाल चौकटीत शेड्यूल एचची (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये ही) सूचना, जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन फाँट मोठं. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड. गोळीच्या पाठीमागचं फॉइल हाताच्या अंगठ्याएवढं, त्यात हे सगळं बसवायचं आणि म्हाताऱ्या माणसाला वाचता यायला हवं.

एकदा माझ्याकडून 'मिग्रॅ'च्या जागी 'ग्रॅ' गेलं. चौथ्या तपासणीत पकडलं गेलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. आजही मी प्रूफ उलट्या बाजूने, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे वाचते.

मला हे काम आवडतं. माझ्या आईच्या गोळ्यांच्या पाकिटावर माझी अक्षरं असतात. पण चित्र काढायची हौस तिथे भागणार नाही, हे पक्कं समजून ये. ती भूक घरी आल्यावर भागवायची.

आल्तिनो_९४

फॉइलवाली, फार छान लिहिलंत.

इतिहासातली दोन माणसं आठवतात, दोघेही मडगावचे. दीनानाथ दलाल, जन्म १९१६. मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला, १९४५ मध्ये स्वतःचा दिवाळी अंक काढला, मराठी मुखपृष्ठाला चेहरा दिला. १९७१ मध्ये, ५४ वर्षांचे असताना गेले. दुसरे लक्ष्मण पै, जन्म १९२६. पॅरिसमध्ये दहा वर्षं स्वतंत्र चित्रकार म्हणून राहिले आणि नंतर, १९७७ ते १९८७, आपल्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नोकरीत शिरले म्हणून त्यांच्यातला चित्रकार संपला असं कुणी म्हणू धजेल का? २०१८ मध्ये पद्मभूषण मिळालं.

मी स्वतः सरकारी शाळेत चित्रकला शिकवतो. दुपारी दीडनंतर माझा वेळ माझा.

डिचोलीकर

आल्तिनो सर, दीड वाजता सुटणारी सरकारी नोकरी आणि सहाला सुटणारी वेर्ण्याची नोकरी एका तराजूत घालू नका. सरकारी नोकरीसाठी आख्खा गोवा रांगेत उभा आहे, ती तिला कुणी देऊ केलेली नाही. सहाला सुटून फोंड्याला पोचायला सात. त्यानंतर माणूस कांगलां रंगवील की जेवून झोपेल?

आल्तिनो_९४

बरोबर आहे तुमचं. माझी सोय वेगळी, हे मान्य.

काणकोण_कॅमेरा

नोकरी आणि फ्रीलान्सच्या वादात एक गैरसमज आहे, की फ्रीलान्सरची चित्रं आपोआप त्याचीच असतात. माझं डोकं यावरच फुटलं.

लग्नाचे फोटो काढतो. चार वर्षांपूर्वी एका हॉटेलने मला त्यांच्या आवाराचे फोटो काढायला बोलावलं, दोन दिवसांचे पैसे दिले. पुढच्या सीझनला तेच फोटो मोठमोठ्या होर्डिंगवर. मी भांडायला गेलो. वकिलाने दाखवलं, १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट यांचा पहिला मालक काढून घेणारा, वेगळा करार नसेल तर. गप्प घरी आलो. आता कामाआधी एक पान सही करून घेतो, वापर कुठे आणि किती वर्षं.

शाईपेन

+१. याच्या पुढचं मी सांगतो. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माझ्या एका मुखपृष्ठाची नवी आवृत्ती सातव्या वर्षी निघाली. साधं, नम्र पत्र लिहिलं, कलमाचा आकडा घातला. पुन्हा मानधन आलं. रक्कम थोडी होती, पण तो चेक मी दोन दिवस टेबलावर ठेवला होता.

कुळागर

थोडं अवांतर. पावसात कागदाला बुरशी येते त्यावर कुणाकडे उपाय आहे का? यंदा जलरंगाचं अर्धं पॅड गेलं.

फॉइलवाली

@कुळागर, लोखंडी कपाटात खालच्या खणात शून्याचा पिवळा बल्ब लावून ठेवा, जून ते सप्टेंबर. आमच्या आजीच्या पैठणीचा उपाय, कागदालाही चालतो. कागद बल्बच्या वरच्या दुसऱ्या खणात, जवळ नको, वाकतो.

सावळी

आणि स्कॅनरची काच दर रविवारी पुसा. बुरशीचे ठिपके आधी तिथे दिसतात.

रंगपेटी

शाईपेनकाका, तुम्ही म्हणालात म्हणून ऑफर लेटर पुन्हा काढलं. चौथ्या पानावर सापडलं. मराठीत असं होईल: "नोकरीच्या कालावधीत कर्मचाऱ्याने निर्माण केलेली सर्व कलात्मक व बौद्धिक निर्मिती, कामाच्या वेळेत अथवा वेळेबाहेर, कंपनीच्या मालकीची राहील."

वेळेबाहेर!

मी सही करायच्याच बेतात होते. पेन हातात होतं. माझ्या चित्रांतली कवंडळं आणि घागऱ्यो औषध कंपनीच्या मालकीच्या झाल्या असत्या.

मांडवीकाठ

हे वाचून अंगावर काटा आला. पगाराचा हिशेब मी केला, या पानाचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही.

शाईपेन

शांत हो. कायदा तुझ्या बाजूचा आहे. कलम १७ सांगतं की नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. कार्टन, फॉइल, लीफलेट त्यांचं, त्यात वाद नाही. पण घरी, तुझ्या रंगांनी, तुझ्या वेळेत काढलेलं फळ त्यात येत नाही. हे कलम कायद्यापेक्षा जास्त मागतंय. बहुतेक वेळा कुणी वाईट हेतूने लिहिलेलं नसतं, औषधाच्या संशोधकांसाठी केलेला छापील मसुदाच सगळ्यांना देतात. म्हणून भांडू नकोस, पत्र लिही. दोन गोष्टी माग. "वेळेबाहेर" काढून टाका आणि "नेमून दिलेल्या कामासंबंधी" एवढं घाला. सोबत आजवरच्या माटोळीच्या चित्रांची यादी जोड, तारखांसह, आणि ती तुझी आहेत अशी सही घे.

नाही म्हणाले तर नोकरी सोडून दे. पगार ठरवण्याआधी चित्र कुणाचं ते ठरव. अठरा वर्षांत मला कळलेली हीच एक गोष्ट आहे, आणि ती नोकरीवाल्याला लागू तशीच आपल्यालाही.

डिचोलीकर

शाईपेनकाका, आता मी तुमच्या बाजूला. आणि रजेचंही त्याच पत्रात लिहा. चवथीआधीचे दिवस. तोंडी "बघू" म्हणाले तर ते दिवस गेले असं समजा.

फॉइलवाली

रजा मागच, मिळते. आमच्याकडे चवथीला निम्मी कंपनी गावी जाते, सुपरवायझरसुद्धा माटोळी बांधत असतो. बिनपगारी म्हणून मागितलीस तर हरकत घेणं त्यांना जड जाईल.

सावळी

आणि नोकरी नाही झाली तरी एक कर, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढून ठेव. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्याला मिळतं, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर चार लाख. फ्रीलान्सरच्या घरात आजारपण आलं की आधी काम थांबतं आणि मग पैसा थांबतो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी त्या कार्डानेच तारलं.

नवखा_पेडणे

मी वर्गातल्या सगळ्यांना हा धागा पाठवला. आम्हाला चार वर्षांत कलम १७ कुणी शिकवलं नाही.

काणकोण_कॅमेरा

@नवखा, पहिलं काम घेशील तेव्हा ते एक पान मागून घे माझ्याकडून. निरोप कर, पाठवतो.

रंगपेटी

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. मधे बरंच घडलं.

पत्र लिहिलं. शाईपेनकाकांनी सांगितलं तसंच, दीड पान, सोबत ४३ चित्रांची तारखांसह यादी. सहा दिवस उत्तर नाही. आई रोज विचारायची आणि मी रोज चिडायची. सातव्या दिवशी एचआरच्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, हे कलम बदलून मागणारी तू पहिलीच. मग हळूच विचारलं, माटोळीत किती फळं असतात? मी म्हटलं, आमच्याकडे यंदा साठावर होती. त्या कुडचड्याच्या निघाल्या. अर्धा तास आम्ही फळांवरच बोललो.

नवीन पत्र आलं. "वेळेबाहेर" गेलं. यादीवर कंपनीचा शिक्का आणि सही. चवथीआधी सहा दिवस बिनपगारी रजा, लेखी. पगारात एक रुपया वाढला नाही, मी मागितलाही नाही.

सोळा तारखेला रुजू झाले.

डिचोलीकरदादा, तुमचंही ऐकलंय. मेन्यूकार्डं आणि पोस्टरं सोडली, पण दोन प्रकाशक आणि एक फेणीवाला ठेवलेत, कंपनीला सांगून. उद्यम नोंदणीही झाली. चौदा महिन्यांच्या बिलवाल्याला शेवटचं पत्र पाठवलं, त्याने अर्धे दिले.

पहिल्या आठवड्यात संध्याकाळी काहीच काढलं नाही. खोटं कशाला सांगू, आठला झोपत होते. दुसऱ्या आठवड्यात पहाटे उठून बघितलं. साडेपाच ते सात, घर गप्प असतं. आंबाड्याचं एक पान पूर्ण झालं.

शाईपेन

त्या शिक्का मारलेल्या यादीची झेरॉक्स काढून वेगळ्या घरात ठेव.

फॉइलवाली

आलीस! गाडी बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे येते की मडगावकडून?

रंगपेटी

बोरीवरून, लोटलीतून. पावणेनऊला लोटलीची चर्च दिसते. तिथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं घर आहे, हे पहिल्याच दिवशी शेजारी बसलेल्या मशीन ऑपरेटरने सांगितलं. मुंबईत वर्षानुवर्षं नियतकालिकांसाठी चित्रं काढून शेवटी ते या गावात येऊन राहिले. गाडी वळणावर थोडी हळू होते तेवढ्यात मी रोज तिकडे बघते.

कुळागर

रंगपेटीताई, बल्बचा उपाय लागू पडला, पॅड वाचलं. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागराच्या वरच्या बाजूला रान आहे, तिथे कवंडळ आणि कांगलां दोन्ही मिळतात. बाजारात येतात ती दोन दिवस शिळी असतात. रजेचे सहा दिवस कुठले ते कळवा, झाडावरूनच रंगवा. आई भाकऱ्या करील.